शब्द माझ्यावर सोडा

आमच्या तार ऑफिसात एक गृहस्थ होते, त्यांनी तीन पिक्चर काढले आणि सात पुस्तकं लिहिली. त्यांतलं एकही तुमच्या बघण्या-वाचण्यात आलेलं नसणार. मला त्याचं नवल वाटत नाही. भिवंडीचं कापड कुठे कुठे जातं, पण ते विणलं कोणी हे विचारायला कोण येतं? तरी मी सांगणार. माझी सगळी नोकरी त्या ऑफिसात गेली, पुष्कळ साहेब आले नि गेले, कितीतरी निरोप समारंभांचे पेढे खाल्ले. पण ‘या माणसाच्या शेजारच्या टेबलावर मी बसायचे’ असं ताठ मानेने सांगावं, असे हे एकच.

सगळी भिवंडी त्यांना डायरेक्टर म्हणायची. आधी चेष्टेने म्हणायची. नाक्यावरचा पानवाला रोज विचारायचा, ‘क्यों डायरेक्टरसाब, हिरोइन मिली?’ पुढे चेष्टा झिजून गेली आणि नाव तेवढं राहिलं. मी मात्र त्यांना भाऊ म्हणायची, कारण ते भिवंडीजवळच्या शेलार गावचे आणि माझं आजोळही शेलारचं. ते मला बाय म्हणत. उंच, काटकुळी अंगकाठी, बारा महिने सफारी, आणि सफारीच्या खिशात दोन पेनं. एक सरकारी, एक स्वतःचं. सरकारी पेनाने त्यांनी स्वतःची एक ओळ कधी लिहिली नाही, आणि स्वतःच्या पेनाने कधी सरकारी काम केलं नाही. एकदा सरकारी पेन वाळलं तर समोरच्या गिऱ्हाइकाकडून पेन मागून घेतलं, पण खिशातलं दुसरं काही निघालं नाही. मी हसले तेव्हा म्हणाले, त्यातली शाई वेगळी आहे. डोंबल वेगळी! दोन्ही दौती एकाच दुकानातल्या, मीच आणून दिलेल्या.

काउंटरवर आमचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक लूमवरचे, यंत्रमागावरचे कामगार. यूपी-बिहारकडची माणसं, घरची ओढ लागलेली. त्यांतल्या कित्येकांना लिहिता येत नसे. ते सांगणार आणि डायरेक्टर फॉर्मवर लिहिणार. तारेत शब्दागणिक आकार पडतो, म्हणून डायरेक्टर दुसऱ्याच्या मजकुरावर कात्री घेऊन बसलेले असत. कोणी ‘पूज्य पिताजी को चरणस्पर्श’ म्हणालं की हे म्हणायचे, चरणस्पर्श घरी जाशील तेव्हा कर, आत्ता ‘पहुँच गया’ एवढं बस. वीस शब्दांचं दुखणं ते पाच शब्दांत बसवत आणि तरी त्या माणसाला वाटे की आपलं सगळं सांगून झालं. ही मोठी कला होती, पण तिचा त्यांना काडीचा अभिमान नव्हता.

अभिमान होता तो कादंबऱ्यांचा. आणि कादंबऱ्यांत काय? नायकाला तहान लागली तर पाण्याचा पेला ओठाला लागायला दोन पानं! प्रुफं मी तपासायची, म्हणून मला माहीत. मी म्हणायची, ‘भाऊ, तारेतले शब्द कापता तसे इथलेही कापा ना जरा.’ तर त्यांचा चेहरा असा व्हायचा जसा काही मी त्यांच्या मुलाचं बोट कापायला सांगितलंय. पुस्तकं स्वतःच छापायची आणि वाचक मिळवायची त्यांची तऱ्हाही निराळी. रविवारी वज्रेश्वरीच्या एस.टी.त बसायचं आणि उतरताना एक प्रत सीटवर ‘विसरायची’. कोणीतरी उचलेल, प्रवासात दोन पानं चाळेल, मग सोडवणार नाही, असा हिशेब. एका कंडक्टरने मात्र घोटाळा केला. चांगला माणूस बिचारा. कव्हरच्या मागचा फोटो ओळखून तो चार वेळा तीच प्रत ऑफिसात आणून देऊन गेला, ‘साहेब, तुमचं राहिलं.’ पाचव्या वेळेस डायरेक्टरनी त्याला बसवून चहा पाजला आणि ती प्रत सही करून त्यालाच दिली. त्याने ती वाचली का, ते विचारायचा धीर आम्हां दोघांनाही झाला नाही.

पिक्चरसाठी त्यांच्याकडे चावीचा कॅमेरा होता. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची. एका चावीत अर्धा मिनिट जेमतेम चालायचा. त्यामुळे त्यांच्या पिक्चरमध्ये कोणीही, कितीही दुःखात असो, अर्ध्या मिनिटाच्या वर एका दमात रडलेलं नाही. आवाज त्यात येत नसे. मुंबईच्या स्टुडिओत जाऊन तो नंतर भरायचा. दुसऱ्या पिक्चरमध्ये त्यांना स्वर्ग दाखवायचा होता. स्वर्गात धुकं पाहिजे. भिवंडीत धुकं कुठलं? म्हणून वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आम्हां सात जणांना पहाटेच्या एस.टी.ने नेलं. वाफ भरपूर होती. पण कॅमेऱ्याच्या काचेवर ती अशी धरली की रीळ धुऊन आलं तेव्हा त्यात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. ना देव, ना अप्सरा. अप्सरा म्हणजे मीच. दुसऱ्या कोणी कपाळ बडवून घेतलं असतं. डायरेक्टरनी ते पांढरं रीळ तसंच ठेवलं, त्यावर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचं निवेदन घातलं आणि म्हणाले, ‘मेल्यावर असंच दिसत असणार.’ खरं सांगते, पिक्चरमधला सगळ्यात चांगला भाग तोच निघाला.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिन्ही पिक्चरमध्ये आई झाल्या आणि तिन्ही पिक्चरमध्ये मेल्या. तिसऱ्या वेळेला त्यांनी सांगून टाकलं, ‘या खेपेला शेवटचं. आता मी काय मरनार न्हाय.’ डायरेक्टरनी लगेच कबूल केलं. वहिनींचं ते सगळं कबूल करत, फक्त पिक्चर काढायचं थांबवणं सोडून.

आता तिसऱ्या पिक्चरचं. तोच खरा सांगण्यासारखा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतरच्या त्या वर्षांत दोन मोहल्ल्यांची माणसं एका सतरंजीवर बसणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती. डायरेक्टरनी ठरवलं, लूमवाल्यावर पिक्चर काढायचा, सगळ्यांनी मिळून बघायचा. आधी ठाण्याहून एक नट आणला होता. त्याने पहिल्या तासात लूमवर पळणाऱ्या धोट्यात बोट घालून घेतलं आणि दुसऱ्या तासात तो घरी गेला. मग डायरेक्टरनी खऱ्या विणकरालाच उभं केलं. हनीफचाचा. आझमगढकडचे, साठीला आलेले, पांढरी दाढी, लूमपाशी उभे राहिले की झाडासारखे शांत. एका कोकणी मुसलमान शेठने आपली शेड शूटिंगला उघडून दिली, पण लूम बंद करणार नाही म्हणाला. डायरेक्टरना तेच हवं होतं. आवाज नाहीतरी नंतरच भरायचा होता.

शेडमध्ये चाळीस लूम एकदम चालत असताना शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. डायरेक्टर प्रत्येक शॉटच्या आधी चाचांना बाहेर बोलावून सांगायचे, की आता तुम्ही वैतागलेले आहात, आता तुम्ही मालकावर चिडलेले आहात, शेजारच्या कामगाराशी काहीही बोला. ओठ हलले पाहिजेत. ‘शब्द माझ्यावर सोडा.’ हे त्यांचं पालुपद. चाचा मान डोलवून आत जायचे, बोलायचे, चावी संपायची, काम फत्ते.

शेवटचा सीन आईच्या मरणाचा. डायरेक्टरनी सांगितलं, ‘चाचा, समझो गाँव से तार आयी. माँ नहीं रही. मन में लाओ, और जो जी में आये बोलो.’ चाचा या वेळी लगेच आत गेले नाहीत. थोडा वेळ दाराशी उभे राहिले, मग जाऊन शेजारच्या कामगाराकडे वळले आणि बोलले. एका चावीत झालं. मी तिथेच होते, डायरेक्टरची कांबळ्याएवढी वही धरून. डायरेक्टरनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मग त्या ओठांवर त्यांनी आपले शब्द घातले. काय शब्द! ‘आई, ज्या सुताने तू मला या जगाशी बांधलंस, त्याच सुताने मी आज तुझं वस्त्र विणतो आहे!’ एका नाटकातल्या नटाच्या आवाजात, मागे सनई. ठाण्याच्या एका सभागृहात पहिला खेळ झाला तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. चाचा हिंदी बोललेले, आवाज मराठी, त्यामुळे ओठ जुळत नव्हतेच. पण खेळानंतर एक विद्वान उभे राहिले आणि म्हणाले, ओठ एक बोलतात आणि शब्द दुसरं, यात कामगाराचं दुभंगलेपण दिग्दर्शकाने किती हुशारीने दाखवलंय! दुसऱ्या दिवशी ऑफिसात डायरेक्टर मला सांगत होते, की ते त्यांनी मुद्दामच केलं होतं. संवादांचं पुस्तक निघालं, ते सातवं. आणि महिन्याभरात दिल्लीच्या एका महोत्सवाचं पत्र आलं: पिक्चर निवडला, अमुक तारखेच्या आत प्रिंट पाठवा. आमच्या ऑफिसात तारेने न येता पत्राने आलेली आनंदाची बातमी ती एकच. शिपायाने स्वतःहून नारळ फोडला.

आता माझं एक पाप सांगते. माझे बाबा तीस वर्षं लूमवर होते. त्यांचे कान त्यातच गेले, आणि कान जाण्याच्या आधीच ते ओठ वाचायला शिकले होते. लूमवरचे सगळेच शिकतात, नाहीतर बारा तास मुक्याने काढावे लागतील. मीही घरात बघून बघून थोडंफार शिकले. ठाण्याच्या खेळात पडद्यावर सनई वाजत होती, ‘या धोट्याच्या फेऱ्यांत माझं तारुण्य हरवलं’ असं काहीबाही चाललं होतं, आणि चाचांचे ओठ स्वच्छ म्हणत होते, ‘अरे, इस बाबू को कोई चाय पिलाओ, सुबह से खड़ा है.’ मला दिसलं. मी बोलले नाही. इतकी माणसं रडतायत, डायरेक्टरचा चेहरा असा फुललाय, मी कशाला विरजण घालू? पुढे भिवंडीतही खेळ होणार हे मला ठाऊक होतं, तरी मी तोंड शिवून बसले.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. म्हणून दिल्लीच्या पत्रानंतरच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, त्याच शेडमध्ये खेळ ठेवला. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला, आणि पडदा म्हणून तिथलंच कोरं कापड, दोन पन्हे जोडून शिवलेलं. लूम कडेला, मधल्या वाटांत माणसं दाटीवाटीने. विणकर होते, कांडी भरणाऱ्या बाया होत्या, शेलारची, कोन गावची मंडळी होती. वहिनी पुढे बसल्या होत्या, शेवटचं मरण बघायला. बाबांना मी हाताला धरून आणलं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत हशा सुरू झाला. सनई जितकी रडत होती तितकी माणसं हसत होती. पडद्यावर चाचा तारुण्य हरवत होते आणि शेडमधले पन्नास जण बाबूला चहा पाजा म्हणून एकमेकांना कोपरं मारत होते. पुढच्या सीनला ‘मालका, माझ्या घामाचा हिशेब कोण देणार’ असं गरजल्यावर तर एक म्हातारा हसता हसता खाली बसला, कारण चाचा सांगत होते, ‘जल्दी निपटाओ, ग्यारह बजे लाइट जायेगी.’ डायरेक्टर प्रोजेक्टरपाशी उभे होते. त्यांना हसण्याचं कारण कळेना. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग आईचा सीन आला, आणि हसणं एकदम थांबलं. नुसतं थांबलं नाही. पुढच्या दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या सारख्या केल्या. कोणी खाकरलं नाही. सीन संपला, पिक्चर संपला, माणसं गुपचूप उठून गेली.

डायरेक्टर पडद्याची घडी घालत होते. चेहरा उतरला होता, पण माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, की हसले तर हसू देत, आईच्या सीनला बघितलंस ना? तिथे शब्द पोचले. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी ते डायरेक्टरच्या ओठांवरून वाचलं आणि नाही नाही अशी मान हलवली.

“तुमच्या शब्दाला न्हाय गप झाले,” बाबा म्हणाले. “चाचाच्या शब्दाला गप झाले.”

बाबांना हळू बोलता येत नसे. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कुठे कळतो? आधी त्यांनी हसण्याचं कारण सांगितलं. तेवढं सगळ्या शेडने ऐकलं, हरकत नव्हती. पण चाचा शेवटी काय बोलले ते सांगायची वेळ आली तेव्हा बाबा थांबले. अजून माणसं दाराशी होती. ते खासगी होतं. मग बाबांनी आवाज पार बंद केला आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, लूमवर सांगतात तसं. डायरेक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर भिवंडीत राहिलेला, भिवंडीवर सात पुस्तकं लिहिलेला माणूस, त्यांना त्यातलं अक्षर कळेना. शेवटी ते मला सांगावं लागलं, कानाशी लागून.

“तार आयी थी. दो दिन जेब में रखी. बीम आधा बाकी था, छोड़ता तो लूम दूसरे को जाता. उतार के गया. माँ की मिट्टी हो चुकी थी. घर में बोला, गाड़ी लेट थी. आज तक वही बोल रहा हूँ.”

डायरेक्टर तिथल्याच एका रिकाम्या बीमवर, ताण्याचं सूत गुंडाळतात त्या रुळावर, बसले. मग म्हणाले, ती तार मीच उतरवून घेतली असेल. इथली निम्मी दुःखं माझ्या हातून गेलीत. आणि मग मला विचारलं, तुला ठाण्यालाच कळलं होतं का? मी म्हटलं, चहाचं कळलं होतं, हे नव्हतं कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. त्यानंतर तीन दिवस ते ऑफिसात माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि ते तीन दिवस मला माझीच लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी ते आमच्या घरी आले. बाबांच्या पुढ्यात बसले आणि म्हणाले, सगळा पिक्चर वाचून द्या. भिंतीवर आवाजाशिवाय रीळ चालायचं, बाबा ओरडून सांगायचे, मी लिहायचे. आख्खी चाळ दाराशी. डायरेक्टरचे संवाद एका वहीत, चाचांचे दुसऱ्या वहीत. डायरेक्टर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत होते. स्वतःच्या वहीतल्या एकेका पानावर ते आडवी रेघ मारत गेले. अशी शांतपणे, जशी तारेतल्या फालतू शब्दावर मारायचे. मी कितीदा म्हटलं होतं कापा म्हणून! पण त्या दिवशी मला ते बघवेना.

शेवटच्या सीनला मात्र ते अडले. चहाचं, लाइटचं, सगळं घालता येईल. पण आईचं कसं घालायचं? चाचा ते आपल्याला बोललेच नव्हते. ते शेजारच्या माणसाला बोलले होते, लूमच्या आवाजात, जिथे कोणाच्या कानावर जाणार नाही. आणि घरी अजून गाडीच लेट होती. चाचांची नजर गेली म्हणून ते चार महिन्यांपूर्वीच लूम सोडून कायमचे मुलुखाला गेले होते. विचारायचं तर तिकडे विचारायला हवं होतं. आणि दिल्लीची तारीख दहा दिवसांवर.

सगळ्यांनी समजावलं. वहिनींनी, शिपायाने, पोस्टमास्तरसाहेबांनीसुद्धा. मी तर भांडलेच. म्हटलं, ‘भाऊ, जुनी प्रिंट पाठवा हो. त्यांना तीच आवडलीय. दिल्लीला कोण ओठ वाचायला बसलंय? इतक्या वर्षांनी एकदा दार उघडलंय.’ डायरेक्टर चिडले की शुद्ध बोलत आणि मनातलं सांगायचं असलं की शेलारचं.

“बाय,” ते म्हणाले, “ज्येंच्यावर पिक्चर हाय त्येंनाच त्यो खोटा वाटला. मंग दिल्लीला खरा वाटून मी काय करू?”

मी प्रिंटचे डबे परत त्यांच्या टेबलाखाली सरकवले.

चाचांना पत्र पाठवलं तर दिवस जाणार, म्हणून उत्तराचे पैसे आधीच भरून जवाबी तार करायचं ठरलं. पण नजर गेलेला माणूस ती तार स्वतः कशी वाचणार? मुलगा वाचून दाखवणार, सून ऐकणार, आणि मग गाडी लेट नव्हती हे सगळ्या घराला कळणार. असं लिहायचं होतं, की घरातल्या कोणाला कळू नये आणि चाचांना सगळं कळावं. डायरेक्टरनी दुपारची सुट्टी टाकली आणि माझ्या काउंटरसमोर, गिऱ्हाइकाच्या बाजूला, उभे राहून लिहीत राहिले. खिशातलं स्वतःचं पेन काढलं होतं. एक फॉर्म खोडला, दुसरा खोडला. अकरा फॉर्म मी मोजले. सात पुस्तकांच्या लेखकाला तीन ओळींसाठी घाम फुटला होता. शेवटी फॉर्म माझ्यापुढे सरकवला:

“लूम पर आपने जो कहा हम अब समझे. फिल्म में रखें या नहीं. जो आप कहें वही होगा.”

मी शब्द मोजले. कापण्यासारखा एकही नव्हता. त्यांनी लिहिलेलं मी पहिल्यांदा काही न सुचवता पुढे पाठवलं, आणि मोजताना माझे डोळे भरून आले होते हेही सांगून टाकते.

पाच दिवस गेले, उत्तर नाही. सात गेले. दिल्लीची तारीख उजाडली. प्रिंटचे डबे डायरेक्टरच्या टेबलाखाली तसेच. शिपाई दर तासाला येऊन विचारी, साहेब, नेऊ का स्टेशनला? पाच वाजले तेव्हा डायरेक्टरनी डबे उचलले आणि कपाटात ठेवून कपाट लावलं. मग पंख्याखाली येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, चहा सांग. मी सांगितला. दोघांनी प्यायला. आयुष्यात आलेली एकच संधी माणूस असा चहाबरोबर पिऊन टाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरी गेल्यावर मी मात्र जेवले नाही.

तारीख उलटल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, आझमगढकडून तार आली. ती मीच उतरवून घेतली. दोनदा ताडून बघितली. मग उठून डायरेक्टरच्या टेबलाशी गेले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

“घर में बता दिया. फिल्म में रखो. नाम भी रखो.”

डायरेक्टरनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला, घातला आणि परत वाचली. ‘माझ्या बापजन्मात मला असं लिहिता आलं नसतं,’ एवढंच म्हणाले आणि बाथरूमकडे गेले. बराच वेळ आले नाहीत. काउंटरवर रांग लागली होती. मी त्यांचंही काम केलं.

पुढे मुंबईला स्टुडिओत जाऊन चाचांचा आवाज बाबांनी दिला. तीस वर्षं त्या माणसांच्या शेजारी उभं राहून त्यांची हिंदी बाबांच्या तोंडात चांगली बसली होती. तिथल्या साउंडवाल्याने त्यांना कानाला लावायचं यंत्र दिलं, ते बाबांनी बाजूला ठेवलं. पडद्यावरच्या ओठांकडे बघत बोलले आणि पहिल्याच झटक्यात ओठाला शब्द जुळला. साउंडवाला म्हणाला, वीस वर्षांत असं पाहिलं नाही. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी वाचलं, आणि पुढे वर्षभर तो साउंडवाला काय म्हणाला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. सनई काढून टाकली. मागे नुसते लूम.

मग पुन्हा एक शुक्रवार, पुन्हा तीच शेड, तेच कोरं कापड. या वेळी गर्दी जास्त होती, कारण बातमी फुटली होती. विणकरांच्या बायका-पोरंही आली होती. त्यांना ओठ वाचता येत नव्हते, पण कान शाबूत होते. आपला माणूस तिथे बारा तास काय बोलतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येणार होतं.

अंधार झाला. पडद्यावर आधी नावं यायला लागली. पहिल्या प्रिंटमध्ये ‘कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन’ अशा चार शब्दांपुढे डायरेक्टरचं एकच नाव होतं, मोठ्या अक्षरात. तो मान त्यांनी वीस वर्षं मनात धरला होता, हे मला ठाऊक होतं. आता तिथे वेगळी पाटी आली. काळ्यावर पांढरी अक्षरं, त्यांनी स्वतः ब्रशने काढलेली: ‘संवाद : हनीफचाचा’. पुढे बसलेल्या एकाने ते मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने मागच्यांना सांगितलं, ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना तिसऱ्याने ओठांनी सांगितलं. आणि पिक्चर सुरू व्हायच्या आधीच सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. मी मागे वळून बघितलं. डायरेक्टर प्रोजेक्टर सोडून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, सगळ्यांत जोरात वाजवत होते.